पेढे आणि तेरा मिनिटं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या हायस्कूलचे माजी मुख्याध्यापक आदरणीय अरविंद सर, महाडहून वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या उज्वलाताई, व्यासपीठावर दाटीवाटीनं बसलेले मान्यवर, आणि एवढ्या उकाड्यात जागा न सोडणाऱ्या दासगावकर बंधू-भगिनींनो, सर्वांना सप्रेम जय भीम.

मी दत्ताराम. बत्तीस वर्षं शाळेचा शिपाई होतो. सतरंज्या अंथरल्या, माईकच्या वायरी जोडल्या आणि निदान चारशे भाषणं दाराशी उभं राहून ऐकली. त्यामुळे ‘मी काही वक्ता नाही’ असं म्हणणारा माणूस किती वेळ बोलतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. मला पाच मिनिटं दिली आहेत. हातातलं हे स्टॉपवॉच त्यासाठीच आहे, असं तूर्त समजा.

सत्कारमूर्ती कुमारी समीक्षा यांची खुर्ची रिकामी आहे, त्यावरून पहिल्या रांगेत कुजबुज चाललीय. येतेय ती. वाटेत आहे.

मंडळी, आपली समीक्षा लष्करात अधिकारी होणार. परवा, मंगळवारी तिची गाडी. अकादमीच्या पत्रासोबत एक कागद आला होता, तो कुणी वाचला? पत्राचे फोटो सगळ्यांनी काढले, कागदाचा कुणीच नाही. त्यात लिहिलं होतं, धावण्याची तयारी करून या. दोन पूर्णांक चार किलोमीटर, तेरा मिनिटांच्या आत. गेल्या गेल्या परीक्षा. त्यात मागे पडलात, तर तुमची तुकडी पुढे जाणार आणि तुम्ही मागच्या तुकडीत बसणार. पत्र आलं तेव्हा पोरगी बारा मिनिटं चाळीस सेकंदांत येत होती. वेळ मी लावायचो, कारण माझी घंटा कधी मिनिटभर चुकली नव्हती.

मग आपण तिचं कौतुक करायला घेतलं.

हा अकरावा सत्कार. मंडळाचा झाला, पतपेढीचा झाला, पोलादपूरच्या मावशीच्या वाडीत झाला. आणि आपल्याकडे पेढा नुसता हातात देऊन भागत नाही, भरवावा लागतो. का? फोटो असतो ना! फोटो हलला की दुसरा पेढा, तो घेऊन आमचा मोरू तयारच. शिवाय सल्ले. एसटीची दुसरी पायरी चढताना ज्यांचा श्वास वर लागतो, त्यांनी तिला धावायचं कसं ते शिकवलं. एक म्हणे, कुडपणचा घाट पाठीवर दगड घेऊन चढ. दुसरे म्हणे, सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बस, पाय आपोआप पळतात. ते स्वतः चाळीस वर्षं सवला जातात. रिक्षानं.

गेल्या रविवारी ती चौदा मिनिटं दहा सेकंदांत आली. तिची आई, आमच्या शर्मिलाताई, अंगणवाडीत मदतनीस आहेत. त्या मला म्हणाल्या, “दत्तारामभाव, सकाळी धावायच्या टायमाला हिला साडी नेसून हार घालायला नेतात. नाय म्हटलं तर बोलतील, अजून गेली नाय तं चढली. काय करू मी?”

पहिला पेढा मीच भरवला होता. तो फोटो अजून माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. खरं सांगतो, त्या दिवशी मला माझी लाज वाटली.

म्हणून आता कबूल करतो. उज्वलाताई, आपलं सुंदर भाषण चालू असताना माझ्या खिशात समीक्षाच्या मैत्रिणीचा, निशाचा मिस कॉल आला. तो उचलायचा नव्हता. महाडच्या रस्त्यावर, आपल्या गावातल्या सुहासच्या मोटारसायकलच्या मीटरनं दोन पूर्णांक चार किलोमीटर मोजलेल्या जागेवरून समीक्षा निघाली, एवढाच त्याचा अर्थ. या खुर्चीला शिवली की घड्याळ बंद. तेरा मिनिटांच्या आत आली तर सत्कार, नाहीतर नाही. ही अट तिची, माझी नाही. आता अकरा मिनिटं पन्नास सेकंद झालेत. अध्यक्ष महोदय, माझी वेळ संपली असेल, पण तिची संपलेली नाही.

मधली वाट मोकळी करा बघू. पोरांना मांडीवर घ्या. शर्मिलाताई, बसा, तुम्ही उभ्या राहिलात म्हणून ती लवकर येणार नाही.

आली! दारातून बाजूला व्हा. मोरू, अरे मोरू, पेढा खाली ठेव! फोटोवाल्याला आवर! सोड तिला, अरे सोड!

शिवली.

थांबा, टाळ्या थांबवा. मला वाचू द्या.

तेरा मिनिटं, दोन सेकंद.

अध्यक्ष महोदय म्हणतात, दोन सेकंद मोरूच्या नावावर टाका. सभेचंही तेच मत दिसतं. मंडळी, मलाही तेच वाटतं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच खोटी घंटा मारावी असं वाटतंय. काय गो समीक्षा? दम घे, मग बोल. मागच्यांना ऐकू गेलं नसेल, ती काय म्हणाली ते सांगतो. “काका, तिकडं मोरूकाका नसतील. दोन सेकंद माझेच. उद्या सहाला परत धावते.”

आणि सत्कारमूर्ती निघाल्या. शाल न घेता, पाणीसुद्धा बाहेर जाऊन पिणार.

तेव्हा आभार मानतो. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, मंडप घालणाऱ्यांचे, आणि मोरूचेही, कारण त्याचा पेढा आज पहिल्यांदाच परत गेला. माझ्या बोलण्यात कमीजास्त झालं असेल ते पोटात घाला. पेढे घरी न्या, पोरांना द्या. ती अधिकारी होऊन येईल, तेव्हा हवे तेवढे भरवा, फोटो कितीही हलू दे. उद्या सकाळी सहाला मात्र महाडच्या रस्त्यावर कुणीही हार घेऊन उभं राहू नका. तेवढा एक सत्कार तिचा करा.

जय भीम.