कुंकू लावलेलं ऑक्सिमीटर

मंडळी, ऐका! आंधळा भक्त ओळखायचा कसा? कपाळावरच्या गंधावरून? गळ्यातल्या माळेवरून? — लगेच माना डोलवू नका, आधी ऐका तर!

साथीचं पहिलं वर्ष. लातुरात एका खोलीत दोन पोरं, दोघंही बी.एस्सी.ला. गावाकडे रेंज नाही, म्हणून ऑनलाइन तासांसाठी इथंच राहिलेली. एक विश्वंभर — देवभोळा, रोज घंटी वाजवणारा. दुसरा शार्दूल — कट्टर विज्ञानवादी! घंटी वाजली की म्हणायचा, "विश्व्या, विषाणूला कान नसतात रे!"

आली खंडेनवमी. शस्त्रांची पूजा! पोरांकडे कसली आलीत शस्त्रं? विश्वंभरानं मांडलं काय — लॅपटॉप, थर्मामीटर, आणि बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं ते ऑक्सिमीटर! त्याला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल! शार्दूल असा भडकला — "अडाण्या! यंत्र आहे ते!"

दसरा झाला, आणि शार्दूलच तापानं फणफणला. खोकला, धाप! विश्वंभरानं बोटाला यंत्र लावलं — शहाऐंशी! पंच्याण्णवच्या वर हवा तो आकडा! "ऊठ, दवाखान्यात चल!"

"हॅट! तुझ्या कुंकवानं बिघडलंय ते. मला काही झालेलं नाही!"

विश्वंभरानं यंत्र पुसून लख्ख केलं. पुन्हा लावलं — शहाऐंशीच!

"बघ! बिघडलंय म्हटलं ना!"

मग आमच्या देवभोळ्यानं काय केलं? स्वतःचं बोट घातलं — अठ्ठ्याण्णव! परत शार्दूलचं — पंच्याऐंशी!

आणि विज्ञानवादी, धापा टाकत, म्हणतात काय? "तू... पूजा केलीस ना... म्हणून तुला जास्त दाखवतंय!"

अहो! यंत्र भक्ताला पावलं म्हणे! आता बोला!

विश्वंभरानं सरळ रिक्षा बोलावली, त्याला अक्षरशः उचलून आत कोंबलं. डॉक्टर म्हणाले, "सकाळपर्यंत थांबला असतात तर पोरगा हातचा गेला असता."

वाचला हो! जरा बोलता आल्यावर त्यानं फोनवर हळूच विचारलं, "विश्व्या, नवस केलास का रे?"

"केला की! पण तुला ऑक्सिजन लावल्यावर. त्याआधी फुरसत कुणाला होती?"

मंडळी, देव मानावा की नाही, हे ज्याचं त्यानं बघावं. पण डोळ्यांसमोरचं जो मानत नाही, तो आंधळा! मग गंध असो नाहीतर नसो!

हसता काय? साखर वाढलेली निघाली की लॅबवाल्याला शिव्या घालून बासुंदी ओरपणारे इथं किती बसलेत? हात वर करा! — अहो काकू, स्वतःचा नव्हे, काकांचा धरून वर करा! हां! काका, आता मोठ्यानं हरिनाम घ्या, आणि उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त तपासून या!