हिरव्या लोकरीची गाठ

सिटी बसमध्ये कोथिंबिरीची पाटी सांभाळत बसलेल्या चंद्रभागाला शेजारणीच्या पिशवीतल्या काड्या टोचल्या.

"बाई, केरसुणी हाय का काय?"

"नाही हो मावशी, चर्चच्या जुन्या झावळ्या आहेत. त्या जाळून राख करतात. बुधवारी ती कपाळाला लावली की आमचा उपवासकाळ सुरू."

पुढच्या सीटवरची बाई गर्रकन वळली.

"सलोमीताई! तुम्ही चर्चला?"

"का गं रूथ, मनाई आहे?"

"तसं नाही हो. तीन वर्षांत दिसला नाहीत."

"ईस्टरला मी म्हणायचे ते गाणं क्वायरवाल्यांनी तुला दिलं, तेव्हापासून चर्चची पायरी चढले नाही."

"मी मागितलं नव्हतं, ताई."

"माहीत आहे. तरी राग आला. यंदा उपवासकाळात चहा सोडणार होते. मग म्हटलं, रागच सोडावा."

"चहा सोपा गेला असता."

"तेच तर!"

चंद्रभागाला राहवेना.

"तीन वर्सं गेल्याच नाय, मग ह्या झावळ्या कुठल्या?"

"दर वर्षी ईस्टरच्या आधी, झावळ्यांच्या रविवारी कुणीतरी माझ्या दाराच्या कडीला बांधून जातं."

"क्वायरमध्ये गाणारी पोरं असतील," रूथ म्हणाली.

"पोरं हिरव्या लोकरीनं बांधतात होय? तुझी ही विणलेली पिशवी आहे ना, अगदी तसल्याच लोकरीनं?"

रूथ खिडकीबाहेर बघू लागली. चंद्रभागाचा स्टॉप आला. ती बसूनच राहिली.

"बाहेर काय बघतेस, रूथ?" सलोमी म्हणाली. "क्वायरचा सराव किती वाजता असतो, ते सांग."