वस्तीच्या गाडीतून आलेली बाग

माजं नाव सुमती. माहेरची गुरव. लांज्यापासून आत आमची वाडी, आता डांबरी रस्ता झाला, रिक्षा जाते, पण मी लहान हुते तेव्हा पायवाट नि पऱ्या, म्हंजे ओढा, बाकी काय नाय. माजा बापूस देवीचा गुरव, देवळाची झाडलोट, दिवाबत्ती, पूजा, सगळं आमच्या घराकडं, किती पिढ्या ते मला विचारू नका. बापूस पूजा करायचा नि फुलं काढायची माज्याकडं, सहा वर्षांची हुते तेव्हापासून. सकाळी आंघोळ करायची नि परडी घेऊन परड्यात, घरामागच्या बागेत जायचं, फुलाचा वास घ्यायचा नाय, आधी देवाला, मग आपल्याला. मी काय सांगू तुमाला, मी वास घ्यायचे. लहान पोर ती, अनंताचं फूल हातात आल्यावर काय करणार?

बापूस सांगायचा, मी ऐकायचे. शंकराला तगर घाल, केवडा नको, केवड्याने खोटी साक्ष दिली म्हणून देवाने त्याला टाकला. गणपतीला तांबडी जास्वंद. भुईवर पडलेलं फूल देवाला चालत नाय, पण प्राजक्ताचं चालतं, कारण तो सोताहून खाली येतो, तोडायला लावत नाय कोणाला. नि भादव्यात तेरड्याची गौर आणायची, एरवी तेरड्याकडं कोण बघत नाय, गडग्यावर, दगडी कुंपणावर उगवतो नि सुकतो, पण गौरीच्या त्या दिवसांत तोच देवी, त्यालाच साडी, त्यालाच नथ. मला लहानपणी त्याचं फार बरं वाटायचं, म्हटलं बघा, ह्याचे पण दिवस येतात.

नि कौल. तुमी बाहेरच्या, तुमाला सांगायला हवं. गावात काय अडलं, म्हैस हरवली, लग्न ठरत नाय, भावाभावात जमिनीवरून वाजलं, की देवीला कौल लावायचा. बापूस तगरीच्या ओल्या कळ्या देवीच्या पाषाणाला चिकटवायचा, एक उजवीकडं, एक डावीकडं, नि गाऱ्हाणं घालायचा. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको. माणसं श्वास धरून बसायची. त्या कळ्या मी काढलेल्या असायच्या. मला वाटायचं, गावाचं काय व्हायचं ते माज्या परडीत आहे.

अठराव्या वर्षी लग्न झालं, नवरा मुंबईला कामाला. चांगला हुता, उगाच का खोटं बोलू. चार वर्षांत कावीळ झाली नि गेला. मंदा माजी दीड वर्षाची. सासरच्यांनी महिनाभर ठेवून घेतलं नि मग माहेरी आणून सोडलं. मी परत फुलं काढायला लागले, हार करायला लागले, गावातल्या नवऱ्या मुलींच्या वेण्या पण मीच करायचे, फक्त नवरीला माळायला दुसऱ्या बाईच्या हातात द्यायची. माज्या केसात फूल नाय. कोणी मला सांगटलं पण नाय की घालू नको, ते सांगायला लागत नाय.

त्याच सुमाराला कच्चा रस्ता झाला नि आमच्याकडं एसटीची गाडी सुरू झाली. वस्तीची गाडी, संध्याकाळी यायची, देवळापाशी राहायची, सकाळी परत लांज्याला. तिच्यावरचे डायवर म्हंजे आमचे हे. सकाळी देवीच्या पाया पडायचे नि गाडीतल्या गणपतीच्या फोटोला हार घेऊन जायचे, तो मी करून ठेवायचे. वर्षभर आमी एकमेकांशी काय बोललो, तर हार झाला का, नि झाला. एवढंच. मग एक दिवस हे नाटे गावची फेरी करून आले, नि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली मोगऱ्याची फांदी बापसाच्या हातात दिली, बोलले, खाडीकाठच्या एका आजीने दिली, तुमच्याकडं लागेल. बापूस बोलला, लागेल की. मी लावली. लागली.

ह्यांची पहिली बायको बाळंतपणात गेलेली, मूल पण. हे मला कंडक्टरकडून कळलं, ह्यांनी कदी सांगटलं नाय. नि पुढच्या शिमग्यानंतर हे सरळ बापसासमोर पडवीत येऊन बसले नि बोलले, तुमची हरकत नसेल तर मला सुमतीशी लग्न करायचंय, मुलगी माजी म्हणून वाढवीन.

झालं. गावात एकच ओरड. माजा मोठा भाऊ, दादा म्हणायचो आमी त्याला, तो तर माज्याशी बोलायचाच बंद झाला. मानकरी येऊन बसले, म्हणाले, गुरवाच्या घरात विधवेचा पाट लावून दिलात तर देवीला हात लावणार कोण? पूजा जाईल हातची. आवस, माजी आई, चुलीपुढं नुसती बसून राहायची, महिनाभर तिने मला चांगलं म्हटलं नाय की वाईट म्हटलं नाय. शेवटी मानकऱ्यांनीच काढलं, देवीला कौल लावा. बापूस हो बोलला. नाय बोलायची सोयच नव्हती, दुसऱ्यांच्या घरचे सगळे प्रश्न त्याने तसेच सोडवलेले.

नि कळ्या कोणी काढल्या माहीत आहे? मीच. रोजच्यासारखी परडी घेऊन गेले. मनात आलं, डाव्या बाजूला हलकी कळी देऊ, ती चिकटून राहते, नि उजव्या बाजूला पाण्याने जड झालेली, ती आधी सुटते, मला सगळं ठावूक हुतं कुठली कशी पडते, इतकी वर्षं बघितलेलं. पण नाय केलं. सगळ्या एकसारख्या, टवटवीत काढल्या.

बापसाने गाऱ्हाणं घातलं. कळ्या लावल्या. नि बसलो. सकाळची उन्हं देवळाच्या पायरीवरून आत आली नि परत बाहेर गेली, कळ्या तशाच. दुपार झाली. एक पडत नाय नि दुसरी पडत नाय. माणसं कंटाळली, कोण उठून पाणी पिऊन आलं. शेवटी थोरले मानकरी बोलले, देवी बोलत नाय म्हंजे नकोच म्हणते.

माजा बापूस कदी मानकऱ्यांच्या पुढं मान वर करून बोललेला मी बघितला नव्हता. तो बोलला, चाळीस वर्षं कौल लावतो मी, तिला नाय म्हणायचं असतं तेव्हा ती नाय म्हणते, डावी कळी आहे तिच्या हाताशी. ती गप्प आहे म्हंजे तिचं म्हणणं, हे मला विचारू नका. मग तो माज्याकडं वळला, सगळ्यांच्या समोर, नि बोलला, तुला काय वाटतं गो?

ताई, मला तोपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं. पहिल्या लग्नाला नाय, परत आणून सोडली तेव्हा नाय, नि हे सगळं चाललेलं तेव्हा पण नाय. मी बोलले, मला जायचंय. एवढंच बोलले. बापसाने दोन्ही कळ्या पाषाणावरून काढल्या नि माज्या तळहातावर ठेवल्या.

लग्नाला आमची माणसं चार. निघताना आवस आतून आली, तिच्या हातात अबोलीचा वळेसर, स्वतः गुंफलेला, ओबडधोबड, तिला काय जमायचं नाय ते. अबोलीला वास नसतो, म्हणून तर म्हणतात अबोली. तिने तो माज्या केसात माळला, दोनदा सुटला, तिसऱ्यांदा बसला. मग पदराने तोंड दाबून आत गेली. अडीच वर्षांनी माज्या केसात फूल.

बापसाला त्या वर्षी पालखीला हात लावू दिला नाय गावाने. पुढच्या वर्षी बोलावून नेला, कारण सगळं गाऱ्हाणं पाठ असलेला दुसरा कोण नव्हता गावात! दादा पण आला हळूहळू, मंदाचे कान मामाशिवाय टोचणार कोण, त्या निमित्ताने आला.

नि मग ही बाग, इथं ह्यांच्या घराभोवतीची. ही सगळी गाडीतून आलेली, एक झाड विकत घेतलेलं नाय. ह्यांना गोडगोड बोलता यायचं नाय, साडी आणणं नाय, सिनेमा नाय. जिथं वस्तीला जातील तिथून फांदी, नायतर बी, नायतर कंद, डायवरच्या सीटमागं ओल्या फडक्यात. दापोलीकडं बदली झाली तेव्हा आंजर्ल्याहून ती जास्वंद आणली, कड्यावरच्या गणपतीच्या वाटेवर एका म्हातारीच्या कुंपणाची, विचारून हां, न विचारता पान तोडायचे नाहीत हे. झेंडूचं बी एका मास्तरांनी दिलं, रोज जायचे गाडीने, ते ह्यांना बोलले, झेंडू आपला नव्हे हो, फिरंग्यांच्या जहाजातून आलाय, समुद्रापलीकडचा. ह्यांनी घरी येऊन मला सांगटलं, मोठी बातमी असल्यासारखं. मी म्हटलं, असेल, पण आता त्याच्याशिवाय दसरा कर बघू कोणी. हे हसले नि मंदाला उचलून खांद्यावर घेतली. मंदाच्या शाळेच्या दाखल्यावर बापाच्या जागी ह्यांचंच नाव आहे.

तो कोपऱ्यातला खुरचाफा, पांढरा चाफा, बघितलात? तो आणला तेव्हा शेजारीण बोलली, अगो, हे थडग्याजवळचं झाड, दारात लावू नको. खरंच कबरस्तानाच्या कडेचीच फांदी हुती ती, तिथल्या राखणदाराने दिलेली. मला पण कसंतरी झालं. हे बोलले, जिथं माणसं वर्षातून एकदा जातात तिथं हे झाड बारा महिने फुलं टाकत उभं राहतं, ते वाईट कसं? मग खाली बघून बोलले, तिच्या नावाने लावू म्हणत हुतो. तिच्या म्हंजे पहिलीच्या. त्या दिवशी पहिल्यांदा तिचं नाव काढलं घरात. मी बोलले, माजा पण एक आहे. तर आमी खड्डा खणला, दोघांनी मिळून लावला, दोघांच्या नावाने एकच. सर्वपित्रीला त्याच्या बुंध्याशी एक पान ठेवते मी.

आता मंदा रत्नागिरीला नर्स आहे, तिला दोन मुली. ह्या लग्नातला मुलगा मुंबईला. आमी दोघंच हयसर, ह्या घरात. ह्यांना आता विसरायला होतं. डॉक्टर बोलले, वयाचं आहे, वाढणार. माणसं ओळखतात अजून, गाड्यांच्या वेळा पाठ, पण आत्ता जेवलो की नाय ते लक्षात राहत नाय. नि बागेला पाणी घालायचं काम ह्यांचं, ते सोडत नाहीत. एकाच झाडाला तीन तीनदा बादली ओततात, दिवसभर. मुळं कुजतात हो. गेल्या वर्षात अबोली मेली, शेवंती मेली, माहेरच्या त्या मोगऱ्याची फांदी इथं लावलेली, तो मोगरा पण गेला.

मी काय करते, हे दुपारी झोपले की लांज्याला जाते, बाजारातून तसलंच रोप आणते नि जुन्या जागेवर लावून टाकते, माती पण वरून सारखी करते. आयुष्यात रोप विकत घेतलं नव्हतं ते आता घेते. उठून हे बाहेर येतात, बघतात, नि मला हाक मारून सांगतात, बघ, मी आणलेलं झाड कसं धरलंय. मी म्हणते, तुमचा हातच तसा.

तुमी हे सगळं लिहा, आमचं काय लपवण्यासारखं नाय. देवी तुमाला सुखी ठेवो, घरी नेऊन लावायला काय हवं ते घ्या. फक्त छापून आलं नि ह्यांना वाचून दाखवायला आलात, तर हे शेवटचं तेवढं वाचू नका.