क्वासारचा वारा आणि निनावी परीक्षक

...नाही, पण मी म्हणतो, दिसला नाही म्हणून वारा नाहीच, असं कुणी म्हणावं? अहो, तुम्हाला सांगतो, सात वर्षं मी एका क्वासारच्या मागे आहे. क्वासार म्हणजे काय, तर लांबच्या दीर्घिकेच्या पोटात बसलेलं अजस्र कृष्णविवर. ते वायू गिळतं, आणि तो वायू पडता पडता असा पेटतो की अख्खी दीर्घिका त्यापुढे काजवा! बरं, सगळं गिळेल तर शपथ! उरलेलं बाहेर भिरकावतं, प्रकाशाच्या वेगाच्या दहाव्या हिश्श्यानं. तोच वारा. पण बघायचा कसा? क्ष-किरणांत, तेही अवकाशातल्या दुर्बिणीतून, कारण आपलं वातावरण त्यांना खाली येऊच देत नाही. त्या वाऱ्यातलं लोखंड थोडे क्ष-किरण खातं आणि आलेखात खड्डा पडतो. एवढासा! मला दिसलाय. एकदाच दिसलाय, मान्य... पण वारा आहे! मी सांगतो ना, आहे!

घरी तर विचारूच नका. मेहुणा म्हणतो, "भावोजी, म्हणजे हवामान खातंच की!" बायको म्हणते, "दुधापाशी साठ सेकंद उभं राहवत नाही तुला, आणि दुर्बिणीचे लाख सेकंद मागतोस?" अगं, मागावेच लागतात! दुर्बिणीचा वेळ सेकंदांतच मोजतात. त्यासाठी दरवर्षी प्रस्ताव पाठवायचा, सहा जण मागणार, एकाला मिळणार. आणि वाचणार कोण? आमच्यातलेच! नावं झाकलेली. कुणी लिहिलं ते परीक्षकाला कळत नाही, कुणी पाडलं ते आपल्याला. चार वर्षं पडतोय मी. शेरा एकच, "भाषा भांडखोर आहे." आता सात वर्षं कुणी ऐकत नसेल तर माणसानं काय ओव्या गायच्या? वारा आहे म्हटलं की आहे!

आणि यंदा शेवटचं. वर्षअखेर माझी नेमणूक संपते. खड्डा पुन्हा दिसला तर राहिलो, नाहीतर गाशा गुंडाळा. प्रस्ताव पाठवला, आणि वर मलाच परीक्षक नेमलं! म्हटलं, चला, जरा दुसऱ्यांना झोडपू. तर गठ्ठ्यातला तिसराच प्रस्ताव... माझाच क्वासार! माझाच खड्डा! गोड, लाघवी भाषा. मी ओळखलं, हा साखरतोंड्या! परिषदेत माझ्या खुर्चीमागे उभा राहून "वा, छान" म्हणणारा. चोर!

मग काय, बसलो हो मी. त्या खड्ड्याचं उणंदुणं माझ्याइतकं कुणाला ठाऊक? क्ष-किरण किती थोडे मोजले गेलेत, पार्श्वभूमी कशी धरलीय, एवढ्या आकड्यांत एखादा खड्डा आपसूकही कसा पडतो, सगळं, सगळं लिहिलं! शेवटी ठणकावलं, "वारा नाही." मोडीत काढला!

निकाल आला. माझा प्रस्ताव पडला. भाषा भांडखोर. ठीक. पण खाली आणखी एक पत्र, तेही मलाच... "आपला दुसरा प्रस्तावही नामंजूर." दुसरा? कसला दुसरा? तेवढ्यात आमच्या निवृत्त सरांचा फोन. "अरे, तुझ्या लिहिण्यानं भांडणं होतात म्हणून मीच एक गोड भाषेत लिहिला होता. प्रमुख तूच! तू मान्यताही दिलीस की!" दिली असेल हो! "नाव जोडलंय, मान्य असल्यास इथे दाबा." दिवसाला चाळीस ठिकाणी दाबतो, वाचतो कोण? परीक्षण करतानाही विचारलं होतं, "यात आपला काही हितसंबंध?" तिथेही "नाही" दाबलं!

सर कडाडले, "कोण हा गाढव परीक्षक? याला वाऱ्यातलं ओ की ठो कळत नाही!" म्हटलं, "नाही सर, माणूस अगदीच हा आहे." ते म्हणाले, "सोडू नकोस. शुक्रवारपर्यंत फेरविचार मागता येतो. एकेक मुद्दा खोडून काढ."

आज गुरुवार. चार दिवस तो अभिप्राय समोर घेऊन बसलोय. शिव्या हव्या तेवढ्या सुचतात... पण काय सांगू तुम्हाला, त्या गाढवाचा एकही मुद्दा खोडता येत नाही हो!