परत लपवू का?

अरे, शिरगावात आमच्या सोसायटीची पाण्याची मोटर चोरीला गेली होती ना, तेव्हा पोलिसांनी पंच म्हणून मलाच उचललं. चोर सापडला होता. मोटर कुठे लपवली ते दाखवायला तो आम्हाला चामटोलीला घेऊन गेला.

हवालदार म्हणाले, "आता नवा कायदा आलाय. जप्तीचं शूटिंग लागतं, नाहीतर कोर्टात आमचीच वाट लागते."

त्यांनी मोबाईल धरला. चोराने पेंढा उपसून मोटर बाहेर ओढली. मीपण घसा खाकरून कॅमेऱ्यासमोर नाव-पत्ता सांगितला. एकदम झकास झालं!

चोर हळूच म्हणाला, "साहेब, लाल बटण दाबलंच नाही तुम्ही."

हवालदार माझ्याकडे बघतायत, मी हवालदारांकडे.

चोराने घाम पुसला. "टेन्शन नका घेऊ साहेब. परत लपवू का?"