बोयानच्या पत्राला उत्तर

सुझौला, पत्रं-चित्रं रेशमावर चिकटवून देणाऱ्याच्या दुकानात मी खोळंबलो होतो. माझ्यापुढे दोन पंडित उभे होते.

"हे बोयानचं पत्र. ही रेघ बघ, शाई कशी सुकत गेलीय! वा!"

"हात थरथरलाय रे त्याचा. लिहिलंय काय?"

"आजारी आहे, एकदा येऊन जा म्हणतो. पण अक्षर बघ की!"

"गेलास?"

"आधी उत्तर लिहायला बसलो. असल्या अक्षरापुढे माझं गिचमीड पाठवायचं? महिनाभर घोटत होतो."

"अरे, दोन ओळी खरडायच्या होत्यास!"

"पत्रं भिंतीवर लावतात लोक. पिढ्यान्‌पिढ्या हसले असते मला."

"मग?"

"परवा उतरलं एकदाचं मनासारखं."

"पाठवलंस?"

"आता कुणाला पाठवू? दोन्ही शेजारी-शेजारी चिकटवायला आणलीत."