एक मिनिट दहा सेकंद

टेस्टर: नाही म्हणजे नाही. या कागदावर मी सही करणार नाही.

मॅनेजर: ताई, जरा हळू. हॉस्पिटलच्या सिस्टर आल्यात, बाहेर पाणी पिताहेत. सोमवारी आपले औषध देणारे दोनशे पंप त्यांच्या वॉर्डांत जाणार. सगळ्यांचं सगळं झालंय, फक्त तुमची सही अडलीये.

टेस्टर: अडलेली नाही, मी अडवलीये. कागदावर काय लिहिलंय वाचलंत? ‘पंपाच्या सॉफ्टवेअरमधले सगळे धोके तपासले, एकही शिल्लक नाही.’ आणि मी एक धोका बावीस दिवस रोज सकाळी सांगतेय.

मॅनेजर: आणि मी रोज ऐकतोय.

टेस्टर: तुमचा फोन ऐकतोय. सकाळच्या उभ्या मीटिंगमध्ये माणशी एक मिनिट. मिनिट झालं की तुमचा फोन कोंबड्यासारखा आरवतो आणि तुम्ही म्हणता, ‘नेक्स्ट!’ माझा धोका सांगायला एक मिनिट दहा सेकंद लागतात. घरी आरशासमोर घड्याळ लावून बघितलंय.

मॅनेजर: मग दहा सेकंद कमी करायचे.

टेस्टर: केले ना. ‘गुड मॉर्निंग’ काढलं. श्वास घेणं काढलं. एक मिनिट चार सेकंदांवर आणलं. आता त्या चार सेकंदांतच पेशंट मरतो, त्याला मी काय करू?

मॅनेजर: किती निगेटिव्ह बोलता! आपण अजाइल पद्धतीने काम करतो, ताई. दोन आठवड्यांचा एक स्प्रिंट. थोडं बनवायचं, दाखवायचं, सुधारायचं. तुमच्या धोक्याचं कार्ड पुढच्या स्प्रिंटला घेतलंय.

टेस्टर: मागच्या स्प्रिंटलाही ते पुढच्याच स्प्रिंटला होतं. आणि पद्धतीला कोण नावं ठेवतंय? थोडं बनवा, लगेच तपासा, वापरणाऱ्याच्या हातात द्या. कुणीतरी डोकं लावून काढलीये ती. आपण त्यातलं घेतलं काय? उभं राहणं आणि रंगीत चिठ्ठ्या.

मॅनेजर: कुठलं काम किती मोठं, यावर मतदान घेतलं होतं आपण. तुमचं काम एका पॉइंटचं निघालं. पंप सुरू करताना स्क्रीनवर हसरा चेहरा येतो, ते आठ पॉइंटचं.

टेस्टर: एक पॉइंट म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम! मग करा की!

मॅनेजर: छोट्या कामांनी टीमच्या पॉइंटांचा ग्राफ वर जात नाही.

टेस्टर: म्हणून पंप हसतोय.

मॅनेजर: हसतोय तो छानच. हे बघा, आज संध्याकाळपर्यंत सही द्या. नाहीतर मला दुसऱ्या कुणाला तरी सांगावं लागेल. आणि मग तुमची या टीममध्ये गरज काय, तेही मला वरती सांगावं लागेल.

टेस्टर: सांगा. फक्त एका मिनिटात सांगा.

सिस्टर: येऊ का आत? बाहेर त्या भिंतीवरच्या चिठ्ठ्या वाचून झाल्या माझ्या.

मॅनेजर: या, या सिस्टर! बसा. म्हणजे, नका बसू, आम्ही उभ्यानेच... बरं, बसा.

सिस्टर: बसते. सकाळपासून उभीच आहे. त्या भिंतीवर तीन रकाने आहेत. ‘झालं’, ‘झालंच’ आणि ‘झालंच समजा’. हा काय प्रकार?

टेस्टर: शेवटचा रकाना सगळ्यात भरलेला आहे.

सिस्टर: ते दिसलं. आमच्या वॉर्डात कुणाबद्दल ‘झालंच समजा’ म्हटलं तर आम्ही नातेवाइकांना फोन लावतो.

मॅनेजर: हा हा. सिस्टर, आमच्या पद्धतीत दर दोन आठवड्यांनी वापरणाऱ्या माणसाला काम दाखवतात. म्हणून तुम्हाला मुद्दाम बोलावलं.

सिस्टर: पंप वर्षभर बनतोय म्हणालात. मला आजच बोलावलं. इतके दिवस कुणाला दाखवत होता?

टेस्टर: आमच्या मार्केटिंगच्या माणसाला. तो पांढरा कोट घालून बसायचा.

मॅनेजर: प्रेमाने करायचा तो. हा बघा पंप. सिरिंज लावलीये, औषधाच्या जागी पाणी आहे. हिरवं बटण दाबा, म्हणजे चेहरा...

सिस्टर: हसला. बरं. कशाला हसला?

मॅनेजर: पेशंटला धीर येतो.

सिस्टर: माझे पेशंट बेशुद्ध असतात. राहू दे. आता नळी दाबून धरते. औषध अडलं की वाजायला हवा. हां, वाजला. आवाज चांगला मोठा आहे. आणि हे आवाज बंद करायचं बटण. किती वेळ गप्प राहतो?

मॅनेजर: दोन मिनिटं. तोवर तुम्ही अडचण सोडवायची. नाही सुटली तर पुन्हा वाजतो. म्हणजे विसरायची सोयच नाही! दाबा. मी फोनवर दोन मिनिटं लावतो, बघा कसे दोघं एकदम वाजतात.

(सिस्टर आवाज बंद करते आणि लगेच भिंतीतली पिन उपसते.)

मॅनेजर: अहो! पिन का काढली?

सिस्टर: पेशंटला एक्स-रेला न्यायचंय. पंप बॅटरीवर चालतो ना?

मॅनेजर: चालतो, पण आपण डेमोत ते ठरवलं नव्हतं.

सिस्टर: पेशंटही ठरवत नाहीत. दिवसातून सहादा करते मी हे. आवाज बंद, पिन काढ, खाट ढकल, लिफ्ट. तुम्ही का गप्प, बाई? मघाशी तर बाहेरपर्यंत ऐकू येत होतं.

टेस्टर: मी एक शब्द बोलणार नाही. नाहीतर म्हणतील, मी शिकवलं.

सिस्टर: मॅनेजर, तुम्ही कधी खाटेबरोबर लिफ्टमध्ये गेलाय? तेवढ्याशा जागेत खाट, वॉर्डबॉय, पेशंटचा मुलगा आणि मी. माझ्या नऊ नंबरच्या पेशंटचं ब्लडप्रेशर फक्त त्या सिरिंजवर उभं आहे. औषध अडलं की तो चाललाच. लिफ्टमध्ये मी कुठे बघते सांगा? पंपाकडे नाही. त्याच्या तोंडाकडे. कारण नळी कुठे अडकली तर पंप वाजेल, हे मला माहीत असतं.

मॅनेजर: वाजेलच. आत्ता बघा ना. दहा, नऊ, आठ...

सिस्टर: हा काय, कोंबडा?

टेस्टर: साहेबांचा फोन.

सिस्टर: आणि पंप?

मॅनेजर: येईल. एखादा सेकंद इकडे तिकडे होतो.

सिस्टर: नळी मी अजून दाबूनच धरलीये. बोट दुखायला लागलं.

मॅनेजर: वाजेल आता.

सिस्टर: चार मिनिटं होत आली. बाई, आता तरी बोला. हा कधी वाजणार?

टेस्टर: कधीच नाही. आवाज बंद असताना पिन काढली की तो दोन मिनिटं मोजायचंच विसरतो. गप्प तो गप्पच.

सिस्टर: तुम्हाला माहीत होतं?

टेस्टर: बावीस दिवस.

सिस्टर: आणि तुम्हाला, मॅनेजर?

मॅनेजर: मला... सुरुवातीचं एक मिनिट माहीत होतं.

सिस्टर: असं करा. सोमवारी पंप ठेवा इथेच, तुम्ही या. नऊ नंबरच्या खाटेला तुम्हाला बांधते. तुमचा फोन तरी वेळेवर वाजतो. आणि हा कागद कसला? ‘एकही धोका शिल्लक नाही’? खाली कुणाची सही हवीये?

टेस्टर: माझी.

सिस्टर: केलीत?

टेस्टर: नाही.

सिस्टर: मग मी नळी सोडते. चहाबिहा नको मला, ड्युटी आहे. पण अलार्म नीट झाला की मलाच बोलवा, कोटवाल्याला नाही. पिन मी काढणार.

मॅनेजर: सिस्टर, लिफ्ट डावीकडे... गेल्या. ताई, हे कुठे गेलं असतं सोमवारी?

टेस्टर: दोनशे खाटांपाशी.

मॅनेजर: वरती मी कळवतो. सोमवार रद्द. तुमचं कार्ड आजच घेतो, या स्प्रिंटला.

टेस्टर: कार्डावर एकच ओळ आहे. त्यात सगळं मावलेलं नाही.

मॅनेजर: फोन बंद केलाय मी. ती खुर्ची ओढा, बसा. पहिल्यापासून सांगा. किती वेळ लागेल?

टेस्टर: श्वास घेत सांगितलं, तर एक मिनिट दहा सेकंद.